हाताचे वळण कोणाच्या मालकीचे?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय कळवण्यास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा काय असेल हे मी जाणून होतो. तीस वर्षे कामगार संघटनेत घालवलेला माणूस. तो फार तर बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. मी कळवले की मॅकिंतॉश आणि विंडोज यांच्या भांडणावर बोलणार आहे. दोन दिवसांनी चिटणिसांचा निरोप आला, विषय हाच आहे ना? विषय हाच आहे, आणि तो माझ्या चळवळीच्या हद्दीबाहेरचा आहे असे मी मानीत नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या दोन धनाढ्य कंपन्या चाळीस वर्षांपूर्वी आपसांत भांडल्या, त्यात आपले काय गेले? याला माझे उत्तर असे. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे दिवसाचे सात-आठ तास एका उजळ पडद्यासमोर जातात. कोणी बँकेत आहे, कोणी विमा कचेरीत, कोणी औषधांच्या दुकानात बिले करतो. बोट कोणत्या कळीवर पडायचे, खिडकी मिटण्याची खूण उजव्या कोपऱ्यात की डाव्या, हे कोणी तरी ठरवलेले असते. ते ठरवताना विचारले कोणाला? आणि दहा वर्षे तीच कळ दाबून दाबून हाताला जे वळण लागले, ते वळण कोणाच्या मालकीचे? हा प्रश्न मी कल्पनेने काढलेला नाही. तो खरोखरीच न्यायालयात गेला होता. तेथपर्यंत मी आपणांस नेणार आहे, पण थोड्या आडवाटेने.

आधी माझ्या अधिकाराविषयी दोन शब्द. मी नववीपर्यंत शाळेत होतो. पुढचे शिक्षण एका छापखान्यात झाले. तेथे मी जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून स्टिकमध्ये ओळ भरायची. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, तेव्हा मी जी काही पुस्तके वाचली ती प्रथम उलटी वाचली असे म्हणावयास हरकत नाही. देवनागरीच्या केसमध्ये इंग्रजीपेक्षा किती तरी अधिक खण असतात, आणि चांगला जुळारी त्यांच्याकडे पाहत नाही. त्याचा हात आपोआप जातो. हाताचे वळण म्हणजे काय, ते मला त्या खणांनी शिकवले.

आता मूळ कथेकडे वळू. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट नावाच्या एका संशोधकाने सुमारे दीड तास एक प्रात्यक्षिक दाखवले. त्यात लाकडी खोक्याचा एक छोटा उपकरणी जीव होता. खाली काटकोनात बसवलेली दोन चाके, मागे वायरीची शेपटी. त्याचे नाव पडले माऊस. आज शाळकरी मूलसुद्धा तो हातात घेते, परंतु एंगलबार्ट यांच्या यंत्रात माऊस हे अर्धेच उपकरण होते. उजव्या हातात माऊस, आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी. पाच कळा एकत्र दाबून सर्व अक्षरे काढायची. ते शिकायला वेळ लागे, आणि एंगलबार्ट यांचे म्हणणे असे होते की लागू द्या. तीनचाकी सायकल कोणालाही पहिल्याच दिवशी चालवता येते, पण जन्मभर कोणी तीनचाकीवर फिरत नाही. माणसाने शिकावे, आणि शिकल्यावर त्याच्या हाताला मोठी ताकद यावी, हा त्यांचा विचार. पुढे जगाने माऊस घेतला आणि पाच कळांची पट्टी टाकून दिली. माऊसच्या पेटंटातून एंगलबार्ट यांना स्वामित्वधन म्हणून काही मिळाले नाही, हेही सांगून ठेवतो. ज्याने शोधले त्याला काय मिळाले, हा हिशेब आमच्या चळवळीत मांडण्याची पद्धत आहे.

दुसरा मुक्काम पालो आल्टोचा. झेरॉक्स कंपनीने १९७० साली तेथे एक संशोधन केंद्र काढले. १९७३ साली त्या केंद्रात आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदाच्या पानासारखा उभा होता. ॲलन के, अडेल गोल्डबर्ग, डॅन इंगॉल्स आदी मंडळींनी तेथे स्मॉलटॉक नावाची भाषा आणि तिच्याबरोबर एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या सिद्ध केल्या. हे सर्व आता पुस्तकांत आहे. मला ज्या गोष्टीचे विशेष वाटते ती पुस्तकांत दोन-चार ओळींत आटोपते, म्हणून येथे मी जरा थांबतो.

झेरॉक्सच्या मालकीची जिन नावाची एक पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्था बोस्टनजवळ होती. तेथे संपादक हस्तलिखितावर काम करीत, ते कात्रीने आणि डिंकाने. परिच्छेद कापायचा आणि दुसऱ्या पानावर डकवायचा. टिम मॉट या तरुणाला या संस्थेसाठी संगणकावर लेखन संपादनाची सोय करायची होती. तो तेथे जाऊन संपादकांचे काम पाहत बसला. मग त्यांच्यापुढे पडदा, कळफलक आणि माऊस ठेवून त्याने विचारले, की समजा हे तुमचे पान आहे, तर तुम्ही आता काय कराल? पालो आल्टो येथे त्याचा सहकारी लॅरी टेस्लर यानेही तेच केले. नव्याने नोकरीस लागलेल्या एका सेक्रेटरीला त्याने कोऱ्या पडद्यासमोर बसवले आणि कल्पनेने संपादन करून दाखवायला सांगितले. तिने बोटाने दाखवले, हे येथे घालायचे, हे पुसायचे, हे उचलून तिकडे न्यायचे. या निरीक्षणांतून जिप्सी नावाची कार्यप्रणाली झाली, आणि तिच्यातून आज जगातला प्रत्येक कारकून दिवसातून शंभर वेळा करतो ती क्रिया आली, कट आणि पेस्ट. नावे पाहा. कापणे आणि डकवणे. ही कात्री प्रकाशन कचेरीतली आहे. ज्या क्रियेवर पुढे दोन कंपन्यांनी हक्क सांगितला असे आपण ऐकतो, तिचे मूळ एका टंकलेखिकेच्या बोटात आणि काही संपादकांच्या डिंकाच्या बाटलीत आहे. पेटंटांच्या कागदांत त्यांची नावे असण्याचे कारण नाही, पण व्याख्यानात त्यांचा उल्लेख करायला कोणाची परवानगी लागत नाही.

डिसेंबर १९७९ मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स आणि त्यांचे सहकारी ते केंद्र पाहण्यास आले. ही भेट फुकट नव्हती. त्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे १ लाख भाग प्रत्येकी १० डॉलरला विकत घेता आले होते. गोल्डबर्ग बाईंचा हे सर्व दाखवण्यास विरोध होता. वरिष्ठांचा हुकूम आला तेव्हाच त्यांनी प्रात्यक्षिक दिले. वरिष्ठांना आपल्या घरात काय आहे ते कळले नाही आणि तेथे राबणाऱ्या बाईला कळले होते, हा प्रकार आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असे नाही. (हशा)

झेरॉक्सने स्वतः १९८१ साली स्टार नावाचे यंत्र बाजारात आणले. एका यंत्राची किंमत सुमारे १६,५०० डॉलर. ते खपले नाही. त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक आणला, त्याची किंमत १,५६५ डॉलरपासून होती. त्याचा पडदा काळा. त्यावर एक अक्षर आणि शेजारी कोनाची खूण लुकलुकत असे, जणू दरवान विचारतो आहे, काय काम आहे? आपण हुकूम बिनचूक लिहायचा. एक अक्षर चुकले की परत जा. हुकूम स्वीकारणारी ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरवली, आणि मायक्रोसॉफ्टने ती सिॲटलच्या एका लहान कंपनीकडून विकत घेतली होती. आयबीएमने एक गोष्ट केली नाही, तीच प्रणाली दुसऱ्यांना विकण्यास मायक्रोसॉफ्टला मनाई केली नाही. मग कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमबरहुकूम यंत्रे बनवली, यंत्रे स्वस्त झाली आणि सर्वांच्या आत मायक्रोसॉफ्टची प्रणाली बसली. आयबीएमने तर २००५ साली हा धंदाच लिनोव्हो या चिनी कंपनीस विकून टाकला.

ॲपलने १९८३ साली लिसा आणि २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंतॉश काढला. मॅकिंतॉशची किंमत २,४९५ डॉलर. येथे निष्पक्षपातीपणाने बोलले पाहिजे. ॲपलने केवळ उचलेगिरी केली, असे जे म्हणतात त्यांनी दोन्ही यंत्रे नीट पाहिलेली नाहीत. वरून खाली उघडणाऱ्या याद्या, चिन्ह धरून ओढत नेणे, या गोष्टी ॲपलच्या माणसांनी घडवल्या. बिल ॲटकिन्सन याची तर गंमत सांगतात, की अर्धवट झाकलेली खिडकी आपोआप पुन्हा रंगवली जाते हे आपण पालो आल्टोला पाहिले अशी त्याची समजूत होती, म्हणून तो ते साधण्याच्या मागे लागला आणि साधले. तेथे ते तसे नव्हतेच. सुझन केअर या चित्रकर्तीने चौकटींच्या कागदावर एकेक ठिपका भरून चिन्हे काढली. हे कारागिरीचे काम आहे, आणि मी कारागिराला चोर म्हणणार नाही.

परंतु याच मॅकिंतॉशच्या कळफलकावर बाणाच्या कळा नव्हत्या. ज्या चार कळांनी पडद्यावर वरखाली सरकायचे, त्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. हेतू हा, की लोकांनी माऊस वापरलाच पाहिजे आणि जुन्या पद्धतीचे कार्यक्रम येथे जसेच्या तसे आणता येऊ नयेत. दोन वर्षांनी त्या कळा द्याव्या लागल्या. स्वातंत्र्याची जाहिरात करणाऱ्या यंत्राने पहिल्या दिवशी लोकांच्या हातातून काय काढून घेतले, ते लक्षात असू द्यावे.

जाहिरातीवरून आठवले. मॅकिंतॉशची ती प्रसिद्ध जाहिरात २२ जानेवारी १९८४ रोजी दूरचित्रवाणीवर लागली. राखाडी कपड्यांतले कैद्यांसारखे लोक रांगेने बसले आहेत, पडद्यावर हुकूमशहाचा चेहरा आहे, आणि एक तरुणी धावत येऊन घण फेकून तो पडदा फोडते. घण हे आमचे निशाण. ते येथे एका मालकाने दुसऱ्या मालकावर फेकायला उसने घेतले. रांगेत बसलेल्या लोकांचे पुढे काय झाले, ते जाहिरात सांगत नाही. ॲपलची यंत्रे जोडणारे हात पुढे चीनमध्ये गेले, मग काही आपल्या देशात आले. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळ नरसापूर येथे आयफोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात कामगारांनी थकलेल्या आणि कापलेल्या पगारावरून तोडफोड केली. तोडफोडीचे समर्थन मी करीत नाही. जाहिरातीतला घण आणि हा प्रसंग एकाच मालाच्या दोन बाजू आहेत, एवढेच दाखवतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती २० नोव्हेंबर १९८५ रोजी काढली. तिच्यातल्या खिडक्या एकमेकींवर चढत नसत, फरशा बसवल्यासारख्या शेजारी शेजारी राहत. त्याच आठवड्यात ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात एक करार झाला. मॅकिंतॉशवर चालणारे वर्ड आणि एक्सेल मायक्रोसॉफ्ट लिहीत होती. ते थांबले तर मॅकिंतॉश विकणार कसा, ही ॲपलची अडचण होती. म्हणून ॲपलने आपल्या पडद्यावरील रचना वापरण्याचा परवाना मायक्रोसॉफ्टला दिला, जगभर, विनामूल्य, कायमचा. करारनामा वाचताना विशेषणे मोजावीत असे आम्ही नव्या कार्यकर्त्यांना सांगतो, ते याचसाठी.

विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या. १७ मार्च १९८८ रोजी ॲपलने दावा लावला. यंत्राचे रूप आणि त्याचा हाताला येणारा अनुभव आमचा आहे, असे त्यांचे म्हणणे. साम्याच्या १८९ बाबी दाखवल्या. न्यायालयाने पाहिले की त्यांतल्या १७९ बाबी १९८५ च्या परवान्यात बसतात. उरलेल्या १० बाबींवरही ॲपलला दाद मिळाली नाही. १९९२ साली खालच्या न्यायालयाचा निकाल, १९९४ साली अपील फेटाळले, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मधल्या काळात, डिसेंबर १९८९ मध्ये, झेरॉक्सला जाग येऊन तिने ॲपलवर दावा लावला आणि तीन-चार महिन्यांत तोही बहुतांशी निकालात निघाला. एका विहिरीवरून तिघांचे भांडण, आणि विहीर खणणारे निराळेच.

आता ज्या खटल्यासाठी मी आपणांस एवढे चालवले तो सांगतो. तो लोटस आणि बोरलँड यांचा. लोटस कंपनीचे वन-टू-थ्री हे हिशेबाच्या तक्त्यांचे साधन १९८३ साली आले आणि आयबीएमच्या यंत्रांवर हिशेबनिसांचे दैवत होऊन बसले. त्यात ४६९ आज्ञा होत्या आणि त्या पन्नासाहून अधिक याद्यांत लावलेल्या होत्या. हिशेबनिसांना त्या मुखोद्गत झाल्या. एवढेच नव्हे, रोजच्या कामाच्या आज्ञांची मालिका जोडून त्यांनी स्वतःची छोटी छोटी साधने तयार केली. बोरलँडने क्वात्रो हे प्रतिस्पर्धी साधन काढले, ते आतून स्वतःचे लिहिले, पण लोटसची सवय असलेल्यांसाठी त्याच आज्ञा त्याच क्रमाने देण्याची सोय ठेवली. लोटसने दावा केला की हा क्रम आमची साहित्यकृती आहे. खालच्या न्यायालयाने लोटसच्या बाजूने कौल दिला. मार्च १९९५ मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. न्यायालय म्हणाले की ही यादी म्हणजे यंत्र चालवण्याची रीत आहे, व्हिडिओ यंत्रावरच्या बटणांसारखी, आणि चालवण्याच्या रीतीवर ग्रंथस्वामित्व सांगता येत नाही. एका न्यायमूर्तींनी वेगळे टिपण जोडले. त्याचा आशय असा, की अशा यादीचे मोल काळानुसार रचणाऱ्याच्या कल्पकतेपेक्षा तिला शिकण्यात वापरणाऱ्यांनी जे श्रम घातले त्यांत अधिक साठत जाते. ते श्रम एका कंपनीच्या दावणीला का बांधावेत? टंकलेखन यंत्रावरील अक्षरांच्या क्रमाचा दाखलाही त्यांनी दिला. तो क्रम पहिल्या कारखानदाराच्या मालकीचा राहिला असता तर जगातले सर्व टंकलेखक त्याचे वेठबिगार झाले असते, असे मी माझ्या भाषेत म्हणतो. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडली, आणि अपील न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

शिकणाऱ्याचे श्रम ही शिकणाऱ्याची मिळकत आहे, हे आम्ही सभांतून सांगतो तेव्हा लोक त्याला घोषणा समजतात. येथे ते एका भांडवली देशाच्या न्यायमूर्तींनी भांडवलदारांच्या खटल्यात लिहून ठेवले आहे. माझ्या मते संगणकाच्या त्या पंधरा वर्षांच्या भांडणातले हे सर्वांत मोलाचे पान आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

आपण विचाराल, की मग या दोन पडद्यांत चांगला कोणता? मी दोन्हींवर काम केले आहे. मॅकिंतॉशची यादी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असते, विंडोजची त्या त्या खिडकीत. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हात नेमक्या जागी नेण्यास किती वेळ लागतो याचा नियम बसवला: लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ जास्त. आता पडद्याच्या कडेपलीकडे बाण जाऊच शकत नाही. तो जोरात वर ढकलला तरी कडेला अडतो. अंधारात माठ शोधायचा असेल तर तो भिंतीला टेकलेला बरा, खोलीच्या मध्यभागी नको. या बाबतीत मॅकिंतॉश शहाणा. परंतु चार खिडक्या उघड्या असताना वरची यादी नेमकी कोणत्या खिडकीची, हे न पाहता हुकूम दिला की घोटाळा होतो. तेथे विंडोजची रीत सरळ. कापणे, उतरवणे आणि डकवणे यांच्या कळा मॅकिंतॉशने खालच्या ओळीत शेजारी शेजारी दिल्या, डाव्या हाताला न हलता साधतील अशा. विंडोजमध्ये आधी त्यासाठी इन्सर्ट आणि डिलीट या दूरच्या कळा होत्या, पुढे तिनेही त्याच तीन अक्षरांचा स्वीकार केला. भांडणे न्यायालयात चालू होती आणि हातांच्या पातळीवर समेट होत होता. ६ ऑगस्ट १९९७ रोजी मालकांचाही झाला. मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवले.

माझ्या स्वतःच्या धंद्याचा काटा मात्र १९८५ सालीच फिरला होता. त्या वर्षी मॅकिंतॉशसाठी पेजमेकर निघाले आणि जोडीला लेसर छपाईयंत्र आले. आमच्या गावी ते पोहोचायला काही वर्षे लागली. ज्या पानाला चार जुळारी दोन दिवस लावीत ते एक मुलगी दुपारपर्यंत लावू लागली. पान सुबक दिसे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिसे हातातून गेले याचे मला दुःख नाही. शिसे विषारी असते. जुळाऱ्याचे ज्ञान, म्हणजे ओळीत कोठे मोकळीक द्यावी, जोडाक्षर कोठे तुटू नये, ते ज्ञान नव्या पडद्यावर घेऊन जाण्याची संधी कोणी दिली नाही, ही तक्रार आहे.

येथे मराठीचा एक खास भोग सांगितला पाहिजे. संगणकावर देवनागरी आली ती कंपन्यांच्या वेगवेगळ्या टंकांतून आली. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी चिन्हांचा उकिरडा दिसे. मजकूर आपला, पण तो वाचण्याची किल्ली विक्रेत्याकडे. त्यावर तोड म्हणून सरकारने इनस्क्रिप्ट हा कळफलक आणि १९९१ साली इस्की हे मानक ठरवले. पुण्याच्या सी-डॅकने या कामात मोठा वाटा उचलला. इनस्क्रिप्टची रचना शास्त्रशुद्ध आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि एक भारतीय लिपी आली की दुसरीच्या कळा त्याच जागी. परंतु जुन्या टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटवावी लागे, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये ती अक्षरानंतर, कारण ती उच्चारात नंतर येते. रफाराचे याच्या उलट. म्हणजे वीस वर्षे यंत्र बडवलेल्या माणसाने ‘किर्लोस्कर’ हा एक शब्द लिहायचा, तर त्याला दोन ठिकाणी हात उलटा फिरवावा लागतो.

एका कार्यालयात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, हा बदल एका परिपत्रकाने सोमवारपासून लागू झाला. चाळीसच्या गतीचे प्रमाणपत्र असलेल्या बायका दहा-बारा शब्दांवर आल्या. वरिष्ठांनी त्यांना कामचुकार ठरवून वेतनवाढ रोखण्याच्या नोटिसा काढल्या. त्यांतली एक बाई मला म्हणाली, “भाऊ, माझी बोटे कोणी तरी बदलून नेली.” आम्ही तीन महिने रोज एक तास कामाच्या वेळेत सराव मागितला. बरीच तणातणी होऊन दीड महिना मिळाला. दीड महिन्याने त्यांतल्या बहुतेकींची गती परत आली, दोघींची आली नाही. मानक चुकीचे नव्हते. आज युनिकोडमुळे माझा मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, हे फार मोठे काम झाले आहे. पण मानक बदलण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा, हा हिशेब परिपत्रकात नव्हता.

आपल्या देशातल्या संघटनांनी संगणकाशी झुंज दिलीच नाही असे नाही. १९६०च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात त्याविरुद्ध मोठा लढा दिला. १९८३ साली बँक संघटनांनी व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्रे किती आणि कोठे, यावर घासाघीस झाली. पडद्यावर काय दिसावे, हा मुद्दा मात्र कोणी टेबलावर ठेवला नाही. तो ठेवता येतो, हे नॉर्वेच्या कामगारांनी त्याआधी दहा वर्षे दाखवून दिले होते. क्रिस्टेन नीगार्ड हे तेथील गणिती. त्यांनी आणि ओले-युहान डाल यांनी ऑस्लो येथे सिम्युला ही भाषा रचली. तिच्यापासून ॲलन के यांनी स्फूर्ती घेतली आणि स्मॉलटॉक झाली, म्हणजे आपल्या सर्वांच्या पडद्यावरील खिडक्यांच्या वंशवृक्षात हे नीगार्ड आहेत. तेच नीगार्ड १९७०च्या सुरुवातीस लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेत जाऊन बसले आणि कामगारांबरोबर संगणकाचा अभ्यास करू लागले. त्यातून १९७५ साली नॉर्वेच्या कामगार महासंघाचा आणि मालक संघाचा करार झाला. नव्या प्रणालीची माहिती कामगारांना आधी मिळावी, ती तज्ज्ञ नसलेल्याला समजेल अशा भाषेत मिळावी, आणि या कामासाठी कामगारांना आपला स्वतंत्र प्रतिनिधी निवडता यावा. पुढे १९८१ ते १९८५ मध्ये मुद्रण कामगारांच्या संघटनेने स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांबरोबर युटोपिया नावाचा प्रकल्प चालवला. वृत्तपत्राचे पान लावणारे कामगार पुठ्ठ्याचे आणि प्लायवुडचे खोटे संगणक पुढे ठेवून सांगत, येथे मला पान पूर्ण दिसले पाहिजे, ही खूण येथे हवी. एका रिकाम्या खोक्यावर लेसर छपाईयंत्र असे लिहून ठेवले होते. माझ्यासारखा जुळारी आपल्या हाताचे वळण नव्या यंत्राला शिकवतो आहे, हे चित्र मी वाचले तेव्हा मला त्या माणसांचा हेवा वाटला, हे लपवीत नाही.

पडद्याचे भांडण आता खिशात गेले आहे. २०११ साली ॲपलने सॅमसंगवर दावा लावला, यादी संपली की पान रबरासारखे मागे येते, त्यावरसुद्धा. २०१८ साली त्यांनी तडजोड केली. घरोघर सामान पोहोचवणारी मुले अलीकडे आमच्या संघटनेत येऊ लागली आहेत. त्यांच्या फोनवरचा पडदा रात्रीत बदलतो. काल जेथे ‘नकार’ ची कळ होती तेथे आज ‘स्वीकार’ ची असते, आणि चुकून दाबली गेली तर दंड त्यांचा.

गेल्या दोन मागणीपत्रांत आम्ही एक कलम घातले. कामाच्या पडद्यात किंवा कळफलकात बदल करण्यापूर्वी पंधरा दिवस मराठीत सूचना द्यावी, सराव कामाच्या वेळेत व्हावा, आणि त्या मुदतीतल्या चुकांवरून कोणास शिक्षा होऊ नये. एका ठिकाणी हे कलम मान्य झाले. दुसऱ्या ठिकाणचे अधिकारी म्हणाले, पगाराचे बोला, हे कसले खेळण्याचे कलम आणले? त्यांच्याशी पुढची बैठक येत्या महिन्यात आहे.